खजुरीला पाडलेल्या पायऱ्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली होती, पण ती उघडायच्या आधीच वडिलांनी माडावर चढवलं. तेव्हा लिहिण्यात कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर खुशाल हसा. झाडाबद्दल जे लिहिलंय ते मात्र तपासून बघा. त्यात चूक सापडायची नाही. झाडाच्या बाबतीत माझ्या हातून एकच चूक झाली, आणि ती मीच सांगणार आहे.

कुवेतला मी लढाई संपल्यावर गेलो. तेलाच्या विहिरी विझल्या होत्या, पण भिंतींवरची काजळी अजून हाताला लागत होती. व्हिसा घरकामाचा होता आणि काम बागेचं. घर जुन्या वस्तीत. कंपाउंडात खजुरीची चार झाडं, एक बोर, दोन लिंबं. घरात साठीची एक विधवा बाई आणि शाळेत शिकवणारी तिची मुलगी. मी मागच्या खोलीत राहायचो.

तिकडे घरच्या मालकिणीला ‘मामा’ म्हणतात. सगळे नोकर तसंच म्हणतात, कुठल्याही देशाचे असोत. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. धडधाकट बाईमाणसाला मामा म्हणायला माझी जीभ वळेना. मी आपला ‘आजी’ म्हणू लागलो. पहिल्या दिवशी म्हटलं आणि बाई पायरीवरून उठून फाटकापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलीने मला बाजूला घेतलं आणि हिंदीत सांगितलं, “हा शब्द बोलू नकोस. आमच्यात जवळपास तसाच शब्द आहे, त्याचा अर्थ ‘मी येतोय’ असा होतो.”

त्या दिवसापासून मी मामा म्हणायला लागलो.

मामाचा मुलगा इराकच्या आक्रमणाच्या वेळी शिपायांनी नेला होता. दोन शिपायांच्या मधून फाटकाबाहेर चालत गेला, एवढंच घरच्यांनी पाहिलं. लढाई संपल्यावर पुष्कळ कैदी परत आले, हा आला नाही. मेला असं कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही सांगितलं नाही. त्याची गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. दर गुरुवारी ती थोडा वेळ चालू ठेवायची हे माझं काम. मागची ताडपत्री उचलून ठेवायची, पुढची तशीच. आत बसलं की सगळीकडे निळा उजेड. किल्ली फिरवून मी बसून राहायचो आणि सीट दुसऱ्याच्या उंचीला लावलेली असल्यामुळे माझे पाय नीट पोचत नसत. सीट पुढे घ्यायची नाही असं मामाने सांगून ठेवलं होतं.

फाटकाजवळची खजूर त्या मुलानेच शाळेत असताना लावलेली. बाकीच्या तीन झाडांना नुसतं पाणी मिळायचं, हिला मामाचा हात मिळायचा. येताजाता बुंध्यावर हात ठेवून ती काहीतरी पुटपुटायची.

आता माझी चूक.

खजुरीच्या झावळा कापल्या तरी त्यांची खुंटं बुंध्याला तशीच राहतात, माशाच्या खवल्यांसारखी. तिकडचे लोक त्या खुंटांवरच पाय देऊन चढतात. मला ते बघवेना. आमचा माड कसा, हात फिरवावा असा असतो. पहिल्याच उन्हाळ्यात मी कोयता घेतला आणि मामाच्या लाडक्या झाडाची सगळी खुंटं तासून काढली. दहाबारा हिरव्या झावळाही उतरवल्या. बुंधा गुळगुळीत झाला. मग चढायला काही आधार राहिला नाही, म्हणून माडाला पाडतात तशा खाचा पाडल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, खालून शेंड्यापर्यंत. आयत्या पायऱ्या तासून टाकायच्या आणि मग नव्या पाडायच्या, यातला वेडेपणा आज लिहिताना कळतो. तेव्हा मी घाम पुसत खाली उभा होतो आणि म्हणत होतो, आता कसं झाडासारखं दिसतं.

शेजारच्या घराचा म्हातारा इराणी माळी भिंतीवरून बघत होता. तो म्हणाला, “उन्हाळ्यात हिरव्याला लोखंड लावू नये. जखमेचा वास लांब जातो.”

मी म्हटलं, “तू तुझी भिंत सांभाळ. आम्ही जन्मतो ते झाडावर.”

तो हसला नाही, रागावलाही नाही. नाक वर करून वास घेत राहिला. खाचांतून दोन दिवस पाणी पाझरत होतं.

पुढची गोष्ट दीड-दोन वर्षांनंतरची. थंडी सरत आली की खजुरीत नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात बांधावा लागतो, तेव्हाच फळ धरतं. मी त्यासाठी चढलो होतो. दुपारची वेळ, सगळी वस्ती जेवून झोपलेली. अर्ध्यावर दम घ्यायला थांबलो आणि गाल बुंध्याला टेकला. आत आवाज येत होता. शेजारच्या खोलीत कोणी दार लावून ऊस खातंय असा. चावायचं, थांबायचं, पुन्हा चावायचं. मी श्वास धरला की तेही थांबत होतं. निदान मला तसं वाटलं.

हा आवाज मला माहीत होता. आमच्याकडे माडाला दोन भुंगे लागतात. गेंड्या शेंड्यात शिरतो, त्याला तारेच्या आकडीने ओढून काढता येतं. दुसरा सोंड्या. तांबडा, पुढे बारीक सोंड. त्याची मादी झाडाची जखम शोधून तिथे अंडी घालते आणि अळ्या आत शिरून गाभा खातात. बाहेरून झाड हिरवंगार. आत काहीच उरलेलं नसतं, आणि एक दिवस वारा नसताना ते मोडून पडतं.

मी खाचा बघत खाली उतरलो. चौथ्या खाचेतून तपकिरी पाणी ओघळलं होतं. बोटावर घेऊन वास घेतला. आंबलेल्या माडीचा वास.

कोणाला काही बोललो नाही. मीठ आणि वाळू भरून वरून डांबर थापलं, सगळ्या खाचा बुजवल्या. मामाने विचारलं तेव्हा म्हटलं, “औषध लावलं.” खोटं नव्हतं ते. पण झाडाच्या पोटात शिरलेल्याला बाहेरच्या डांबराचं काय.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मामाने मला हाक मारली. उन्हं कलती झाली की ती त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायची. त्या दिवशी ती उभी होती, कान बुंध्याला लावून. आमची भाषा म्हणजे अर्धी अरबी, अर्धी हिंदी आणि बाकी हातवारे. पण ती बोलली ते मला स्वच्छ समजलं.

“इकडे ये. ऐक.”

मी कान लावला. आता ऊस खाणारे दहाजण झाले होते.

“काय ऐकू येतं?” तिने विचारलं.

मी कान बाजूला केला.

“चालतोय तो,” मामा म्हणाली. “आधी एवढी वर्षं काही नव्हतं. तू पायऱ्या पाडल्यास आणि ऐकू यायला लागलं. तुझ्या पायऱ्यांवरून चढतोय.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की तसं आयुष्यात कोणी माझ्याकडे बघितलेलं नाही. त्या संध्याकाळी माझ्या खोलीत घरातलं ताट आलं, भात, मासा, वर तळलेला कांदा. मी ते खाल्लं. खाल्लं हे लिहायला पाहिजे.

मुलीला हे पसंत नव्हतं. तिचं म्हणणं होतं की आता पुरे. त्यांच्यात माणूस गेला की तीन दिवस घर उघडं ठेवतात, लोक येऊन बसतात, कॉफी पिऊन दोन शब्द बोलून जातात. या घराने ते तीन दिवस कधी पाळलेच नव्हते. मुलगी आईला विनवायची, “आई, तीन दिवस बसू या. त्यालाही मोकळं कर, आपणही मोकळं होऊ.” मामा म्हणायची, “जो चालतोय त्याचं सुतक धरतात का?” आणि खिडकीतून झाडाकडे बोट दाखवायची.

मुलीने मला विचारलं, “काका, त्या झाडात खरंच काही वाजतं का?”

मी म्हटलं, “वारा असतो.”

“वारा कुठे आहे?” ती म्हणाली. पान हलत नव्हतं.

मी शुक्रवारी जलीबला, कामगारांच्या वस्तीत, जायचो. आमच्या तालुक्याच्या सातजणांनी तिथे एक खोली घेतली होती, तिथे मासळीचं कालवण आणि पत्ते. त्यांत एक प्लंबर होता, माझ्याच वाडीचा, दहावी झालेला, त्यामुळे जरा जास्त बोलणारा. एका शुक्रवारी तो जमियातून, म्हणजे वस्तीच्या सहकारी दुकानातून, एक छापील कागद घेऊन आला. कागदावर तांबड्या भुंग्याचं चित्र.

“ओळख बघू,” तो म्हणाला.

“सोंड्या,” मी म्हटलं. “हा इथे कसा छापला?”

त्याने वाचून दाखवलं. हा किडा बाहेरून आलेल्या रोपांबरोबर देशात शिरलाय, खजुरी मरतायत. कोणाला झाडातून पाणी गळताना, भुसा पडताना, आंबूस वास येताना आढळलं तर शेतीच्या ऑफिसला फोन करा. ऑफिसचे लोक येऊन बघतील, झाड गेलेलं असेल तर तोडून जाळतील, म्हणजे बाकीची वाचतील.

“मालक लोक कशाला फोन करतायत?” मी म्हटलं. “त्यांना वास तरी कळतो का?”

“त्यांना नाय कळत, पण आमका कळता मा?” प्लंबर म्हणाला. “ड्रायव्हर, माळी, राखणदार, सगळ्या अंगणांतून आपलेच फिरतत. तू कान लाव, मी फोन लावतंय.”

असं ते सुरू झालं. मल्याळी ड्रायव्हर, आंध्रचे राखणदार, बंगाली झाडूवाले. कोणाला कुठल्या भिंतीपलीकडून वास आला की प्लंबरकडे खबर यायची, तो मला न्यायचा. मी बुंध्याला कान लावायचो आणि हो किंवा नाही सांगायचो. हो म्हटलं की तो फोन करायचा. ऑफिसकडून एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, इंजिनियर यायचा. तिकडे इंजिनियरला मुहंदिस म्हणतात. त्याच्याकडे डॉक्टरांसारखी नळी होती. नळी लावून तो बराच वेळ ऐकायचा आणि शेवटी मी म्हटलं तेच म्हणायचा. एकदाही माझं चुकलं नाही. मुहंदिस मला हाजी म्हणायचा.

“मी हाजी नाही, हिंदू आहे,” मी सांगितलं.

“केस पांढरे झाले की हाजी,” तो म्हणाला. “कान असा मिळाला तर मी पण हिंदू होईन.”

मला अभिमान वाटला. वाटणारच. चौथी शिकलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून सरकारी गाडी करवत काढत होती.

पण हळूहळू काहीतरी बदललं. मी गल्लीत दिसलो की फाटकं लागायला लागली. एका घरी म्हातारा मालक झाडाच्या आणि माझ्या मधे येऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून. मुलं मला बघून खेळ थांबवायची. खोलीवरचे तर चेष्टाच करायचे.

“काय रे, आज खंयचां झाड मारून इलंस?”

“ह्यो झाडांचो डॉक्टर.”

“डॉक्टर खंयचो, यमदूत. ज्या झाडाक कान लावता, तां चार दिवसांत आडवां.”

“माझ्याजवळ निजा नको हां,” प्लंबर म्हणाला, “चुकून माझ्या छातीक कान लावशीत.”

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या रात्री कोणी माझ्या शेजारी अंथरूण घातलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

आणि या सगळ्यात मी मामाच्या झाडाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्यांची सोळा-सतरा झाडं मी आडवी करवली. आमच्याच फाटकाजवळ जे उभं होतं, ज्यात मी रोज ऐकत होतो, ते मी झाकून ठेवलं. एकतर खाचा माझ्या होत्या. कोणी विचारलं असतं तर कोकणातल्या माडकऱ्याने खजूर मारली असं झालं असतं. आणि दुसरं म्हणजे मामा. ती आता दिवसातून तीनदा कान लावायची. तिची तब्येत सुधारली होती, जेवायला लागली होती. “आज लवकर लवकर चालतोय,” म्हणायची. खरंच आवाज वाढला होता. आता कान लावायचीही गरज नव्हती. दुपारी अंगण सामसूम झालं की खुर्चीत बसल्या जागी ऐकू यायचं. झाडात आणि अंगणात दुसरं काहीच हलत नसायचं.

मग एक दिवस मुहंदिसने मला गाडीत बसवलं. वर एसी चालू, मांडीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर त्याने वस्तीच्या गल्ल्या काढल्या होत्या आणि आम्ही कळवलेल्या प्रत्येक झाडाला एक लाल टिंब.

“हाजी, बघ. ही पहिली तोडलेली, ही नंतरची.” त्याने टिंबांवरून बोट फिरवलं. बोट गोल फिरलं. “सगळी एका गोलावर आहेत. हा किडा कुठूनतरी उडून येतो आणि चारी बाजूंना जातो. आणि मधे बघ, एकही टिंब नाही. मधून आजवर एकही फोन आला नाही.” तो पुठ्ठा माझ्याकडे वळवून म्हणाला, “मध्यभागी कोणाचं घर आहे?”

मला नकाशा वाचता येत नाही. पण फाटकासमोरचा चौक त्याने काढला होता, मशिदीचा मनोराही. मी पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. ज्या ज्या झाडाला मी कान लावून ‘हो’ म्हटलं होतं, ते प्रत्येक झाड बोट रोखून माझ्याकडेच बघत होतं.

“आमचं,” मी म्हटलं.

“किती दिवस माहीत आहे?”

“पहिल्यापासून.”

तो एसीची झडप उघडमीट करत राहिला. मग म्हणाला, “उद्या सकाळी येतो. बाईंना तू सांग. मी सांगितलं तर ते सरकारचं होईल.”

मी त्याच दुपारी मामाला सांगितलं. ती खुर्चीत होती, मी समोर उभा. मुलगी दारात येऊन थांबली. मी म्हटलं, “मामा, आत किडा आहे. मी खुंटं तासली, खाचा पाडल्या, त्या जखमांतून तो शिरला. झाड गेलंय. चूक माझी. बाकीची तीन झाडं आणि लोकांची झाडं वाचवायची तर हे तोडायला पाहिजे.”

एवढं बोलायला मला खूप वेळ लागला, कारण शब्द पुरत नव्हते आणि हात उचलत नव्हते.

मामाने विचारलं, “किडा खातो तेव्हा आवाज होतो?”

“होतो.”

“आणि चालतो तेव्हा?”

“चालत नाही, मामा. अळी असते ती. तिला पाय नसतात.”

तिने मग मान झाडाकडे वळवली. आत चाललंच होतं, थांबत, पुन्हा सुरू होत, कोणी ओझं घेऊन चढत असावं तसं.

“मग चालतंय कोण?” ती म्हणाली.

 

सकाळी मुहंदिस माणसं घेऊन आला. बुंधा बघून त्याने विचारलं, “या पायऱ्या कोणी पाडल्या?” “मी,” म्हटलं. शेजारचा इराणी माळी भिंतीवर कोपर टेकून उभा होता. तो आता मला टोमणा मारेल म्हणून मी मान ताठ करून वाट बघत होतो. तो खाली उतरला आणि आपल्या झाडांना पाणी घालायला गेला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

करवत लावल्यावर झाड कापलं जायच्या आधीच दबलं. आत लाकूड नव्हतंच. तपकिरी ओला चोथा, त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, डोकं तेवढं लाल, आणि काथ्याने विणलेले कोष, प्रत्येक कोषात एकेक भुंगा पाय दुमडून. वास असा की माणसांनी तोंडाला फडकी बांधली. मामा जवळ आली. तिने वाकून बराच वेळ आत पाहिलं, जसं आपण एखाद्या घराच्या खिडकीतून आत बघतो. मग ती बाजूला पडलेल्या ओंडक्यांपाशी गेली. एकेका ओंडक्याला कान लावत फिरली. कापले तरी ओंडके वाजत होते. झाड आडवं झाल्याचं आतल्यांना कळलंच नव्हतं.

“यातही आहे,” ती म्हणत होती. “यातही आहे. हा इथे आहे.”

मुलगी तिला धरायला गेली, तिने हात झटकला. मग मला म्हणाली, “कुठे नेणार?”

“अम्गराच्या पलीकडे. वाळवंटात जाळतात.”

“मी येणार.”

मुहंदिसने नको म्हटलं, मुलीने नको म्हटलं. ती जाऊन मुलीच्या गाडीत बसली. पुढे ओंडक्यांची लॉरी, तिच्या हौद्यात मी, मागे ती गाडी. वाटेत भंगाराची आवारं, पत्र्याच्या शेड, मग नुसती वाळू. हौद्यात मी ओंडक्यांवर बसलो होतो आणि लॉरी सिग्नलला थांबली की बुडाखाली तो आवाज यायचा. पुढे शेवटी शेवटी सिग्नल नव्हते, तरी येत होता.

खड्ड्यात ओंडके टाकून डिझेल ओतलं. भर सकाळचं ऊन, जाळ दिसतसुद्धा नव्हता, नुसती हवा थरथरत होती आणि मागचं वाळवंट वाकडं दिसत होतं. ओल्या बुंध्याला आग लवकर धरत नाही. शिट्ट्या वाजत होत्या, फुगे फुटल्यासारखे आवाज येत होते. मामा गाडीतून उतरून उभी राहिली. दोन तास उभी होती. मुलीने छत्री धरली होती.

आग बसली तेव्हा सगळे ओंडके काळे झाले होते. सगळ्यात जाड, बुडाचा तुकडा तेवढा अख्खा उरला होता, बाहेरून कोळसा.

मामाने मला बोलावलं. “कोणी राहिलं का ते बघ.”

“जळलं सगळं, मामा.”

“तुझ्या कानाने बघ. तुझा कान चुकत नाही म्हणतात. तू नाही म्हणालास तर मी नाही धरीन. घरी जाऊन दार उघडीन, लोकांना बोलवीन. तू आहे म्हणालास तर हे लाकूड घरी परत न्यायचं.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. 

मी खड्ड्यात उतरलो, गुडघे टेकले आणि त्या ओंडक्याला कान लावला. कोळशाने कान चर्र भाजला, पण काढला नाही. माझा कान खोटं बोलत नाही, आणि झाडाला कान लावून मीही कधी खोटं बोललो नव्हतो. ऐकलं. आधी नुसतं तडतडणं, निवणाऱ्या लाकडाचं. मग त्याच्या खाली, अगदी गाभ्यात, दुसरं. हळू. एक, मग थांबणं. मग एक.

मी वर बघितलं. उन्हामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता.

“कोणी नाही,” मी म्हटलं.

“नक्की?”

“कोणी नाही, मामा.”

ती मग आपणहून वळली, गाडीत बसली, गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी खड्ड्यातच होतो.

मुहंदिस वरून म्हणाला, “झालं ना, हाजी? निघायचं?”

“अजून एक डबा दे,” मी म्हटलं. “मी ओततो.”

त्याने माझ्या कानाकडे बघितलं आणि डबा दिला.  त्या एका ओंडक्यावर मी सगळा डबा रिकामा केला आणि तो पेटून राख होईस्तोवर तिथून हललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून घर उघडलं. तीन दिवस माणसं येत होती, बाहेरच्या बैठकीत पुरुष, आत बायका. मी कॉफीची किटली घेऊन फिरत होतो. मुलगी रडून रडून मोकळी झाल्यासारखी दिसत होती. मामा रडली नाही, पण येणाऱ्या प्रत्येकीचा हात तिने हातात घेतला, असं स्वयंपाकघरातल्या बाईने सांगितलं.

पहिल्या दिवशी उन्हं कलल्यावर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी आली. कानाला लावायचं मलम तिने ओट्यावर ठेवलं आणि हळूच विचारलं, “कोणी नव्हतं ना?”

“नव्हतं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती आली, तेच विचारलं. मी तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी लोक निघून गेल्यावर मी पेले विसळत होतो. ती येऊन उभी राहिली.  मी नळ बंद केला, म्हणजे तिला ऐकू जाईल.

“नव्हतं, मामा,” मी म्हटलं, तिने विचारायच्या आधीच.

तिने मान हलवली आणि पेले पुसायला फडकं घेतलं.